दगडावरची बांगडी

६ नोव्हेंबर, बुधवार

आज आले. मुलुंडला, ऋता मॅडमच्या घरी. मला वाटलेलं रडू येईल, पण उलट मजाच वाटतेय. मला स्वतःची खोली मिळालीय! छोटी आहे, अर्धी पुस्तकांनीच भरलीय, पण खाट माझी एकटीची, पंखा माझा एकटीचा, आणि खिडकीतून डोंगर दिसतो. माहुलला आमच्या खिडकीतून रिफायनरीची टाकी दिसते, गोल, पांढरी, बस. इथे हवेला कसलाच वास नाही. सकाळपासून मी उगाच नाक ओढून बघतेय.

आई सोडायला आली होती. मॅडमना म्हणाली, पोरगी कामाची हाय पन बोलत नाय, तुमी रागावू नका. मॅडम म्हणाल्या, बरंच झालं, बोलणाऱ्यांना कॉलेजात आयुष्यभर ऐकलंय मी. आईने पिशवीतून सुके बोंबील आणि सोडे काढले तेव्हा मॅडम इतक्या खूश झाल्या की काठी विसरून दोन पावलं चालल्या. मग बसल्या मटकन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, म्हणून तर मला ठेवलंय. स्वयंपाक, बाजार, आणि थोडं त्यांचं अभ्यासाचं काम.

ही डायरी त्यांनीच दिली. म्हणाल्या, बोलत नाहीस तर लिही, शुद्धलेखन मी बघणार नाही. मी नववीत शाळा सोडली. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बाबा होडी घेऊन गेले आणि नुसती होडी परत आली, तेव्हापासून. आई मला ‘गेले’ म्हणू देत नाही. ‘अजून यायचेत’ असं म्हणायचं.

बाल्कनीत झाडं नाहीत. निळे प्लास्टिकचे टब आहेत ओळीने, आणि प्रत्येक टबात पाण्याखाली एकेक काळा दगड. मी विचारलं नाही. कळेलच.

९ नोव्हेंबर, शनिवार

दगडांचं कळलं. खाडीत पुलाच्या खांबांसाठी खोदत होते तेव्हा एकदम खालच्या गाळातून निघाले, दोन हजार वर्षं जुने असतील म्हणे. प्रत्येकावर एक ओळ कोरलीय. कुठली लिपी ते जगात कोणालाच माहीत नाही. वाचणारे सगळे कधीच मेले. संस्थेत ठेवायला धड जागा नव्हती म्हणून मॅडमनी परवानगी काढून ते घरीच आणलेत. रिटायर झाल्या तरी दिवसभर भिंग घेऊन त्यावरच.

माझं काम टबातलं पाणी बदलायचं. दगड खाऱ्या पाण्यात मुरलाय. तसाच सुकवला तर मीठ वर येतं आणि पापुद्रे सुटतात, अक्षरंच निघून जातात. म्हणून रोज गोडं पाणी घालायचं आणि पेनासारखा एक मीटर बुडवून खारेपणा बघायचा. आकडा रोज उतरत जातो. एकदम खाली आला की दगड सुकवायला मोकळे.

सम्यकदादा येतो, मॅडमचा विद्यार्थी, पीएचडी करतोय. कांजूरमार्गला राहतो, डंपिंगच्या बाजूला. म्हणाला, तुझ्याकडे तेलाचा वास, माझ्याकडे कचऱ्याचा, दोघांची नाकं सारखीच वाया गेलीत. मी नुसती हसले तर म्हणतो, ए, हिचं म्यूट काढा कोणीतरी. आता मला ‘म्यूट’च म्हणतो. राग नाही आला.

त्याने ठसा घ्यायला शिकवलं. पातळ कागद ओला करून दगडावर चिकटवायचा, ब्रशने हळूहळू ठोकायचा म्हणजे खाचेत बसतो. अर्धवट सुकला की शाईचा बोळा टिपत जायचं. सगळं काळं होतं आणि कोरलेलं पांढरं राहतं. पहिल्यांदा ती पांढरी रेघ उठून आली ना, अंगावर काटाच आला. भारी वाटलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज जेवताना सम्यकदादाने ब्राह्मीची गोष्ट सांगितली. तो लहानपणापासून घरच्यांबरोबर कान्हेरीच्या लेण्यांवर जातो, तिथलं दगडावरचं तो पेपर वाचल्यासारखं वाचतो. पण मध्ये कितीतरी वर्षं ब्राह्मी पण मेलेलीच होती म्हणे. मग एकाच्या लक्षात आलं की स्तूपाच्या कठड्यावरच्या सगळ्या छोट्या ओळी एकाच शब्दाने संपतात. त्याने विचार केला, एवढी माणसं एकाच जागी येऊन दगडावर एकच गोष्ट काय लिहितील? दान. अमक्याचं दान, तमकीचं दान. तिथून कुलूप उघडलं.

आमच्या दगडांचं पण तसंच आहे. (बघा, ‘आमच्या’ लिहिलं मी.) आधी लाटांसारख्या रेघा. मग एक खूण, ती मात्र प्रत्येक दगडावर वेगळी. मग घर, दार उघडं असलेलं. शेवटी एक गोल. सगळ्या ओळी गोलाने संपतात. मॅडम म्हणतात वेगळी खूण म्हणजे माणसाचं नाव असणार, आणि गोल कळला की सगळं कळलं.

फक्त खिडकीजवळच्या टबातल्या दगडावर गोल नाही. मॅडम म्हणतात त्याचा कोपरा झिजलाय. त्याचा अजून नीट ठसा घेतलेला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी बोलले. नीट लिहिते.

दुपारी जेवून उठलो तर बाल्कनीत पाणीच पाणी. सगळे टब काठावरून वाहत होते आणि नळ बंद. मॅडम म्हणाल्या, जास्त भरलेस तू. मी अर्धेच भरले होते. आज पौर्णिमा, दुपारी उधाणाची भरती असते. पण ती खाडीत. हे मुलुंड आहे आणि तिसरा मजला. मी पुसून घेतलं आणि गप्प बसले.

मग तो खिडकीजवळचा दगड काढलाच होता तर सम्यकदादा म्हणाला, याचा ठसा तू घे. शाई टिपत गेले. लाटा आल्या. मग खूण आली.

उभी रेघ, खाली माशाच्या शेपटीसारखे दोन फाटे, बाजूला तीन टिपके.

ती आमची आहे. आमच्या गावात प्रत्येक घराची एक खूण असते, जाळ्याला तरंगायला जे प्लास्टिकचे डबे बांधतात त्याच्यावर तापवलेल्या सळईने काढतात, म्हणजे पाण्यात जाळी एकमेकांत गेली तरी कोणाचं काय ते कळतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, ही आमची खूण आहे.

सम्यकदादा ओरडला, म्यूट बोलली! मॅडमनी शाईच्या हातांनीच माझा चेहरा धरला. म्हणाल्या, अगं, तुझ्या घराने दोन हजार वर्षं ही खूण सांभाळलीय, कळतंय का तुला? म्हणजे ही लिपी तुमच्याच पूर्वजांची. मग दोघं इतकं भराभर बोलायला लागले, फोन काय, पुस्तकं काय.

मला पुढचं सांगायचं होतं. आजोबांच्या खुणेला दोनच टिपके होते. तिसरा बाबांनी घातला, दादूकाकांपासून वेगळे झाले तेव्हा. सळई तापवताना मी बाजूला बसले होते. तीन टिपक्यांची खूण पूर्वजांची नाही. ती एकट्या बाबांची आहे.

ओठांवर आलं होतं. पण मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. उद्या सांगेन.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी, घरी आले. आई मांदेली तळत होती, दादूकाका ओट्यावर बसून तिला समजावत होते. वहिनी, वर्ष उलटून गेलं. दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ, माझ्या भावाचा, लहूचा आत्मा किती दिस लटकत ठेवशील? आई म्हणाली, जित्या मानसाला जाळायला सांगतंस, लाज नाय वाटत? काका म्हणाले, मग आण ना त्याला, बसव इथं जेवायला. आईने उलथनं फेकून मारलं. लागलं नाही. काका उठून गेले.

मग ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली. मॅडम कशी हाय, जेवतंस ना पोटभर. हिरव्या बांगड्या डाव्या हातात, कपाळाला कुंकू, सगळं जागच्या जागी. जेट्टीवरच्या बाया मागून काय काय म्हणतात ते तिला माहीत आहे. कृष्णाबाईचं डोकं फिरलं म्हणतात. फिरलेलं नाहीये. ती नुसती थांबलीय.

दगडाचं सांगितलं नाही. काय सांगणार? मॅडमना पण नाही सांगितलं अजून. जितके दिवस जातात तितकं अवघड होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज कुलूप उघडलं म्हणतात.

मॅडमनी मला स्वयंपाकघरातून बोलावून विचारलं, तुमच्यात गोल म्हणजे काय काय असतं गं? नारळ? चंद्र? मी म्हटलं, बांगडी. आमच्यात लग्नात बाईच्या उजव्या हातातली बांगडी दर्याला देतात. मग जन्मभर उजवा हात मोकळा. दर्याने बांगडी घेतली की तिच्या माणसाला सांभाळून परत आणायचं काम त्याचं. माझ्या आईचा पण उजवा हात मोकळा आहे, तुम्ही बघितलं नाही?

मॅडम काठी घेऊन उठल्या. मग त्यांनी फळ्यावर काढलं. लाटा. माणूस. उघडं घर. बांगडी. आणि वाचलं, पाण्यात हरवलेला अमका घरी आला, बांगडीचं दान पोचलं. नवस फेडल्याचे दगड! बघ सम्यक, शेवटी दानच.

मी विचारलं, हे सगळे परत आलेले लोक? सगळे, म्हणाल्या.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. दोन हजार वर्षांपूर्वीचा असेल नाहीतर कसाही असेल, त्या दगडावर बाबांची खूण आहे आणि पुढे घराचं दार उघडं आहे.

सम्यकदादा एकटाच खूश नव्हता. म्हणाला, मॅडम, हे वाचन आपल्या सगळ्यांना फार आवडलंय, म्हणूनच मला भीती वाटतेय. मॅडम म्हणाल्या, तुला प्रबंध लिहायचाय म्हणून तू शंका काढतोयस. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तेजल, घरी इतक्यात काही बोलू नकोस हां. पहिल्यांदा नावाने हाक मारली त्याने.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

गप्प राहवेना. मोबाईलमधला ठशाचा फोटो दाखवला. आईला वाचता येत नाही, पण खुणेवर बोट ठेवलं लगेच. मी म्हटलं पूर्वजांची आहे, खूप जुनी. ती म्हणाली, काय पन सांगतंस, ह्यो तिसरा टिपका तुझ्या बापसाचा हाय. त्यानंच केलंय ह्ये. निरोप धाडलाय.

मग मी सगळं वाचून दाखवलं, जसं मॅडमनी वाचलं तसं. आई हसायला लागली. इतक्या दिवसांनी तिचे दात दिसले. शेजारी जाऊन कोलंबी आणली, खोबरं वाटलं, मला म्हणाली दादूला सांगू नको, ह्यो बापूस समोर उभा राहील तवाच त्याचं त्वांड बघायचंय मना. भांडी घासताना गाणं म्हणत होती. मी दारात बसून ऐकत होते. खरं सांगते, तेवढ्यासाठी मी आणखी दहा खोटी वाचनं केली असती.

निघताना तिने परत फोटो मागितला. म्हणाली, तू म्हनालीस शेवटाला बांगडी हाय. ह्याच्यात कुठं हाय? मी म्हटलं, कोपरा झिजलाय.

आईने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. म्हणाली, मी तर दिलीय माझी. मग दर्याला अजून काय पायजे?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मीटरचा आकडा वर चाललाय. रोज गोडं पाणी भरते आणि सकाळी ते खारं झालेलं असतं, कालच्यापेक्षा जास्त. मॅडमनी मीटर खराब झाला म्हणून नवीन मागवला. नवीनही तेच दाखवतो. मी जिभेला लावून बघितलं. नुसतं मीठ नाही. खाडीचाच गाळ लागतो चवीला.

पाणी चढतं आणि उतरतं. मी भरतीच्या वेळा ओळखते. मी आता टबाकडे बघूनच सांगू शकते आमच्या जेट्टीवर पाणी कुठे असेल.

संध्याकाळी आईचा फोन. आवाज लहान मुलीसारखा. ओहोटीला निवटे, ते चिखलातले मासे, धरायला गेली होती. लांब, जिथे जाळ्यांचे खुंट आहेत तिथे, कमरेएवढ्या पाण्यात बाबा उभे होते. हाक नाही मारली, नुसता हात वर केला. तिने पण केला.

मी विचारलं, नक्की बाबाच? ती म्हणाली, लगीन करून आनलंय त्यानं मना, वळखनार नाय?

मला आनंद व्हायला हवा होता.

३० नोव्हेंबर, शनिवार

सम्यकदादा आज सकाळीच आला. चहा पण नको म्हणाला. गेले दोन दिवस तो इथेच बाल्कनीत सगळ्या दगडांवर भिंग धरून बसला होता, आज आल्या आल्या खिडकीजवळच्या दगडाचा नवा ठसा घेतला. म्हणाला, मॅडम, गोल कोरलेला नाही. लाटा, खूण, घर छिन्नीने कोरलंय, खाच तुटक आहे. गोल गुळगुळीत आहे, पाण्याने घासून घासून झाल्यासारखा. म्हणजे तो नंतर आलाय. बाई बांगडी देते आणि मग माणूस येतो, असं नाही. आधी माणूस जातो. घर उघडं राहतं. मग गोल.

मॅडम म्हणाल्या, मग काय म्हणायचंय तुला?

त्याने खिडकीजवळच्या दगडाचे दोन ठसे ठेवले, पौर्णिमेचा आणि आजचा. आजच्यात झिजलेल्या कोपऱ्यात अर्धा गोल आहे. आणि गोलाभोवती बारीक पांढऱ्या रेघा, चार एका बाजूला, एक दुसऱ्या. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. बोटं आहेत. कोणीतरी मनगट धरलंय.

तेव्हा मी बोलले. तिसऱ्या टिपक्याचं. सगळं. आईला सांगितलं ते पण.

मॅडम हळूच खाली बसल्या. मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दान बांगडीचं नव्हतं. बाईचं होतं.

आईला फोन लावला. म्हटलं पाण्याजवळ जाऊ नकोस, मॅडमनी चुकीचं वाचलं. ती म्हणाली, बरं बरं, उद्या ये, तुझ्यासाठी चिंबोऱ्या आणते. मी म्हटलं आत्ताच निघते. मॅडमना चक्कर आली, सम्यकदादा डॉक्टरला घेऊन आला, त्यातच —

उद्या पहाटेच निघते.

१ डिसेंबर, रविवार

अमावस्या. भरती दुपारची.

भरतीच्या आधी पोचले. आई घरात होती. नवी साडी. मला मिठी मारली, डोक्यावरून हात फिरवला. मी तिचा हात सोडला नाही. जेवतानाही नाही. ती हसली, म्हणाली लहान हायेस का गो.

मग म्हणाली, मोरीत तरी जाऊ दे.

मोरीला मागून दार आहे. मला माहीत होतं. मला माहीत होतं की मोरीला —

शेजारच्या राधावहिनीने बघितलं. जेट्टीच्या पायऱ्यांवरून खाली उतरत होती. उजवा हात पुढे, असा, कोणीतरी धरून नेतंय तसा. आणि बोलत होती. राधावहिनी म्हणाली, भांडत होती गो, किती वाट बघायला लावलीस म्हणून. लाडाने भांडतात तसं.

पोरांनी उड्या मारल्या. होड्या गेल्या. अजून आल्या नाहीत.

५ डिसेंबर

मिळाली नाही.

मॅडम आल्या होत्या. गुडघा वाकत नाही तरी जमिनीवर बसल्या. माफी मागायला आल्या होत्या, पण रडल्याच. म्हणाल्या, मी माझ्या आनंदासाठी वाचलं. मी त्यांना पाणी दिलं. मी पण त्याच आनंदासाठी ऐकलं होतं.

गोल पूर्ण झालाय म्हणाल्या.

घरात आईचा वास आहे अजून. चादरीला. मी ती धुणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

सम्यकदादाचा फोन. म्यूट म्हणाला नाही. दगडावर गोलाच्या पुढे काहीतरी उमटायला लागलंय. काय ते सांगत नाही.

म्हणाला, बाकी एकाही दगडावर गोलाच्या पुढे काही नाही. म्हणजे त्या घरांत मागे जे राहिले त्यांनी सोडून दिलं. रडले, विधी केले आणि सोडून दिलं. म्हणून ते वाचले. तेजल, तुझे काका म्हणतात तसं कर. दोघांचे पुतळे करा, अग्नी दे. वाट बघायची थांब. ऐक माझं.

मी हो म्हटलं.

पण थांबायचं कसं ते कोणी सांगत नाही. मी वाट बघतेय असं मला वाटत पण नाही. जेवायला घेते तर तीन ताटं होतात. उचलून ठेवते. परत होतात.

११ डिसेंबर

दादूकाकांनी सोमवार ठरवला. दर्भ आणलाय. कोपऱ्यात ठेवलाय.

काका चांगले आहेत. माझ्यासमोर रडत नाहीत, होडीत जाऊन रडतात. काकी म्हणते आमच्याकडेच राहा आता, माझी पोरगीच तू.

ओहोटीला मी दारातून बघते. फक्त बघते. चिखलात जात नाही.

आज खुंटांजवळ दोघं होते.

१४ डिसेंबर

हात वर केला नाही मी. केला नाही.

आईने केला. मग बाबांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती हसली. दात दिसले. एवढ्या लांबून दिसत नाहीत दात. मला दिसले —

परवा सोमवार. परवा संपेल. सम्यकदादा येणार आहे. उद्या कुठे जाऊ नकोस म्हणाला, काकीबरोबरच बस. परत परत म्हणाला.

दर्भ ओला झालाय. वरून पाणी नाही, खालून नाही. पिळला तर खारं —

१५ डिसेंबर

पौर्णिमा. दुपार.

काकीला म्हटलं डोकं दुखतंय. ती चहा करायला गेली पलीकडे. येईल आत्ता.

पाणी गल्लीत आलंय. उंबऱ्यापर्यंत. आवाज नाही त्याला.

आलेत.

मला वाटलेलं ओले असतील. नाहीत. कोरडे आहेत दोघं. बाबांनी तो चौकडीचा शर्ट — तोच. आईने चूल — नाही, गॅस — वास येतोय, कोलंबीचा, खोबऱ्याचा —

काकी येत नाही. बोलवायला पाहिजे. आवाज फुटत नाही —

मला माहितीये हे काय आहे. सम्यकदादा, मला माहितीये, मी वाचलंय, मी विसरले नाही. परवापर्यंत — उद्यापर्यंत फक्त —

पण बाबा समोर बसले. गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून, तसेच. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, जेवलीस का गो पोरी. आणि मी अजून —